'इथलंच आहे ना?'

ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. 1974 साली स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या कॅरिबियन देशाने आपली खूण म्हणून मसाल्याचं फळ निवडलं. राजधानी सेंट जॉर्जेसच्या बाजारात आणि ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर बायका मसाल्यांच्या माळा विकतात, त्यांतही तेच असतं: जायफळ, दालचिनी, लवंग, हळद, आलं, दोऱ्यात ओवलेलं. क्रूझवरून काही तासांपुरता उतरलेला प्रवासी माळ हातात घेतो, हुंगतो आणि विचारतो, "इथलंच आहे ना?"

प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर द्यायला बसलं की पंचाईत होते.

जायफळ मूळचं बांदा बेटांचं, म्हणजे आजच्या इंडोनेशियातलं. त्याच्या मक्तेदारीसाठी डच कंपनीने 1621 मध्ये तिथली बहुतेक वस्ती मारली, हाकलली किंवा गुलाम केली. पुढे नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत इंग्रजांनी तिथून रोपं नेली आणि 1843 च्या सुमारास जायफळ ग्रेनाडात पोचलं. लवंग, दालचिनी, हळद, आलं हीही सगळी आशियातली. शेजारच्या डॉमिनिका आणि सेंट लुशियाच्या पारंपरिक पोशाखाचं चौकड्यांचं कापड बघा, त्याचं नावच 'मद्रास'. माळ विकणारीचे पूर्वजही बहुधा आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेले, किंवा 1857 पासून करारावर आलेल्या हिंदुस्थानी मजुरांपैकी. अस्सल तिथले म्हणावेत ते मूळ रहिवासी युरोपीय वसाहतवाल्यांनी जवळजवळ संपवले. म्हणजे अस्सलपणाचा दाखला मागायचा तो कुणाकडे?

आपली मिरची अमेरिका खंडातून आली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून. तरी ठेचा वाढणाऱ्याला 'हे इथलंच ना?' असं कुणी विचारत नाही. ही उलटतपासणी कॅरिबियन माणसाच्याच वाट्याला येते. डेरेक वॉलकॉट यांनी 1992 च्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात त्रिनिदादच्या फेलिसिटी गावातल्या रामलीलेपासून केली होती. आपण तिच्याकडे नाटक म्हणून पाहत होतो, तिच्यात काय हरवलंय ते शोधत होतो. खेळणाऱ्यांची मात्र त्यावर श्रद्धा होती, असं त्यांनी कबूल केलं. बेटावरच्याच कवीची नजर अशी चुकते, तर चार तासांच्या पाहुण्याची काय कथा.

मला वाटतं, वस्तू कुठून आली यापेक्षा तिच्यासाठी कोण राबत राहिलं, यावर 'इथलं' ठरावं. सप्टेंबर 2004 मध्ये इव्हान वादळाने ग्रेनाडातली बहुतेक जायफळाची झाडं आडवी केली. जायफळाचं रोप लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात, आणि झाड नर की मादी हे फुलल्याशिवाय कळतही नाही. इतक्या बेभरवशाच्या झाडाची ज्यांनी पुन्हा लागवड केली, त्यांचं जायफळ त्यांचंच. बांदाचा इतिहास त्याने पुसला जात नाही, हेही खरं.

पण या कसोटीलाही धार कमीच. चीनमध्ये छापलेलं 'ग्रेनाडा' लिहिलेलं लोहचुंबक विकणारी बाई त्याच बेटावर भाडं भरते, पोरांच्या फिया भरते. लोहचुंबक नाकारून हातची माळ घेतली म्हणजे आपण नीतीने वागलो असं मानायला मी तयार नाही. बरेचदा ती फक्त आपली आवड असते. उलट कॅरिबियनमधली कासवाच्या पाठीची कंकणं घ्या. कासव तिथलं, कारागीर तिथला, कसब पिढीजात, अगदी शंभर टक्के अस्सल! आणि तीच घेऊ नयेत, कारण हॉक्सबिल कासव नामशेष व्हायला टेकलं आहे आणि 'साइट्स' करारानुसार त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. अस्सल असणं आणि घेण्याजोगं असणं यांचा संबंध आपण समजतो तितका जवळचा नाही.

राहिली घासाघीस. मंडईत आपण करतो ती ठीक, तिथे भाजीवाली आपल्याला ओळखते आणि उद्या वसूलही करते. जहाजाचा भोंगा वाजायच्या आत दोन डॉलर कमी करून घेण्यात ते नातं नाही. तिथे सांगेल ती किंमत द्यावी, किंवा घेऊ नये.

माळ घरी आणल्यावर भिंतीवर टांगायची की जायफळ सोडवून श्रीखंडात किसायचं? मी किसण्याच्या बाजूचा. कवचातलं जायफळ बराच काळ वास धरून ठेवतं, त्यामुळे घाई नाही.