कोणाचे काही कमी होत नाही, तरीही?

वाचकहो, एक साधा प्रश्न. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा न विचारता तोडला तर ती चोरी, यावर आपले दुमत होणार नाही. पण शेजाऱ्याने विकत घेतलेल्या पुस्तकाची पीडीएफ आपल्या फोनवर आली तर? त्याचे पुस्तक त्याच्याकडे आहेच, शिवाय ते आपल्याकडेही आले. आपण ते पुढे शंभर जणांना पाठवले तरी त्याचे एक पानही कमी होत नाही. मग अस्तेयाचे व्रत इथे मोडले का?

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो १९९९ मध्ये. शॉन फॅनिंग या अमेरिकेतल्या तरुणाने ‘नॅप्स्टर’ सुरू केले. आपल्या संगणकावरचे गाणे दुसऱ्या अनोळखी माणसाला सरळ घेता यावे, एवढीच त्यातली सोय. संगीत कंपन्यांनी त्याच वर्षी खटला भरला आणि जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. पण त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांचे ‘बिटटोरंट’ आले. यात फाइलचे लहान लहान तुकडे होतात. एक तुकडा आपल्याला मिळाला, की तोच तुकडा आपल्या संगणकावरून दुसऱ्याला जाऊ लागतो. जो देत नाही त्याला मिळतेही हळू. पूर्ण फाइल मिळाल्यावरही इतरांसाठी थांबणाऱ्याला ‘सीडर’ म्हणतात आणि घेऊन निघून जाणाऱ्याला ‘लीचर’, म्हणजे जळू! २००४ मध्ये कॅशलॉजिक या ब्रिटिश कंपनीने अंदाज केला, की इंटरनेटवरच्या एकूण वाहतुकीत सुमारे ३५ टक्के वाटा एकट्या बिटटोरंटचा आहे.

यातला नैतिक पेच मला इथेच दिसतो. पंगतीत जेवलेला माणूस उठून वाढायला लागावा, तशी ही रचना आहे. यात उतरलेल्या कित्येकांना आपण चोरी करतो असे वाटलेच नाही, उलट आपण उदार आहोत असे वाटले. पण याला दान म्हणता येईल का? आपल्या शास्त्रकारांनी दानाची कल्पना फार काटेकोर केली आहे: देणाऱ्याचा वस्तूवरचा हक्क संपतो आणि घेणाऱ्याचा सुरू होतो. इथे देणाऱ्याचे काहीच संपत नाही, आणि देण्याचा हक्क मुळात त्याचा होता का, हेही कोणी विचारत नाही. शाळेत पाठ केलेले विद्येचे सुभाषित यावर लगेच पुढे केले जाते, की वाटल्याने वाढते ते धन म्हणजे विद्या. खरे आहे. पण गुरू शिष्याला देतो ती त्याने स्वतः कमावलेली विद्या असते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे हिशेबाकडे लक्ष जाते. पुस्तकाच्या पहिल्या प्रतीत लेखकाची वर्षे, मुद्रितशोधन, मांडणी असा सगळा खर्च असतो. पीडीएफच्या दुसऱ्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य. दुसऱ्या प्रतीकडे पाहणाऱ्याला कोणाचेच नुकसान दिसत नाही. उलट बाजूला, प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री असे धरणारे प्रकाशकही चुकतात, कारण त्यातल्या अनेकांनी ते पुस्तक कधीच विकत घेतले नसते. माझ्या मते दोन्ही हिशेब अस्तेयाला लागू पडत नाहीत. १९३० मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. गरज नसलेली वस्तू मालकाच्या परवानगीने घेतली तरी तीही चोरीच, असे ते त्यांत सांगतात. म्हणजे त्याचे काय गेले याआधी, माझा हात कशासाठी पुढे झाला, हा प्रश्न आला. आपल्या फोनमधल्या न उघडलेल्या पीडीएफ एकदा मोजून पाहा. अस्तेय बोलता बोलता अपरिग्रहात कसे जाते ते कळेल.

पुढे या वाहतुकीचे काय झाले? २०११ मध्ये सँडव्हाइन कंपनीच्या मोजणीत उत्तर अमेरिकेत नेटफ्लिक्सने बिटटोरंटला मागे टाकले. त्याच कंपनीच्या २०१८ च्या अहवालात जगभरच्या डाउनलोडमध्ये फाइल शेअरिंगचा वाटा फक्त ३ टक्के उरला होता. अपलोडमध्ये मात्र तो २२ टक्के होता, आणि त्यातले बहुतेक बिटटोरंटच. मधल्या काळात लोक प्रामाणिक झाले का? तसे काही दिसत नाही. महिन्याला थोडे पैसे भरून लगेच पाहता येऊ लागले, एवढेच. नंतर मालिका वेगवेगळ्या कंपन्यांत विखुरल्या, प्रत्येकीची वर्गणी वेगळी झाली, तेव्हा काही प्रेक्षक पुन्हा जुन्या वाटेला लागले. सोय बदलली तसे वागणे बदलले.

पण म्हणून प्रत्येक प्रत काढणाऱ्याला एकाच रांगेत उभे करणे मला पटत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिकवण्यासाठी लागणारी पाने काढून देण्याची मुभा आपल्या कायद्यात आहे, हा त्याचा आधार. परीक्षेसाठी एक प्रकरण हवे आणि पुस्तकाची किंमत परवडत नाही, अशा विद्यार्थ्याची गरज खरी असते. साठवणुकीसाठी साठवणाऱ्याशी त्याची तुलना नको.

आता थोडे आपल्या घरातले. सत्संगाच्या ग्रुपवर ग्रंथ येतात, कोणीतरी प्रेमाने स्कॅन केलेले, आणि पुष्कळदा पहिली दोन पाने गळालेली. मी अनुवादाची सेवा करतो, म्हणून माझी नजर आधी तीच पाने शोधते. अनुवादक, प्रकाशक, हक्क, आवृत्ती, सगळे तिथे असते. ‘संतांचे वचन सर्वांचे’ हे म्हणणे वचनापुरते बरोबर आहे, पण त्याचा आजचा अनुवाद कोणा एकाने केलेला असतो. त्याने मानधन सोडले असेल, पण ते सोडणे त्याच्या हातात होते. गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखलेले नाहीत असे छापले होते. ते खरे देणे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांना खुले होते, म्हणून साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून निःशंकपणे वाटता येते. पण त्याचा कोणी अलीकडे हिंदीत किंवा कन्नडमध्ये अनुवाद केला असेल, तर त्याचे हक्क वेगळे.

तेव्हा पुढच्या वेळी असा ग्रंथ आला, तर तो प्रकाशकाने स्वतः खुला ठेवला आहे का ते आधी पाहावे. ठेवला असेल, तर फाइल न पाठवता त्या पानाची लिंक पाठवावी. अनुवादात नवीन आवृत्तीत दुरुस्त्या होत असतात, आणि फिरत राहिलेली पीडीएफ जुन्याच चुका घेऊन गावोगाव जाते. खुला नसेल, तर प्रकाशकाला दोन ओळींचे पत्र लिहावे. सत्संगासाठी मागितले तर अनेक जण आनंदाने होकार देतात. बहुतेक वेळा त्यांना कोणी विचारलेलेच नसते.