मानपत्रात निष्कर्ष हवेत

नेतृत्वाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या ज्येष्ठांचा गौरव करायची प्रथा अमेरिकेत चांगली रुजली आहे. ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट’मधलं नेतृत्व-अभ्यासकांचं मंडळ असा सन्मान देतं, ‘इंटरनॅशनल लीडरशिप असोसिएशन’ही जीवनगौरव देते. प्रथा चांगलीच आहे. पण हा गौरव ज्या विषयासाठी होतो, त्याच विषयाने त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवला आहे.

जेम्स माइंडल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा १९८५ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. कंपनीची भरभराट झाली किंवा कंपनी बुडाली, की लोक कारण शोधत थेट प्रमुखाच्या खुर्चीपाशी येतात, असं त्यात दिसलं. निकाल जितका टोकाचा, तितकं श्रेय किंवा खापर एका माणसाच्या माथी जास्त. बाजाराची स्थिती, हाताखालची माणसं, निव्वळ योगायोग हे सगळं मागे पडतं. नेतृत्वाचं हे आकर्षण माणसाच्या विचार करण्याच्या सवयीतच आहे, असं माइंडल यांचं म्हणणं होतं. मग शेकडो जणांच्या कष्टातून वाढलेल्या ज्ञानाचं श्रेय देताना एकाच्याच गळ्यात हार घालायचा, तो कोणत्या न्यायाने?

तरीही गौरव व्हावेत, असंच माझं मत आहे. हा विषय फार सावकाश पिकणारा आहे. त्यात तीस-चाळीस वर्षं टिकून राहणं सोपं नाही, आणि टिकलेल्या माणसाला कुणी दाद दिली नाही तर तरुणांनी तरी इकडे का वळावं? फक्त दाद कशाला द्यायची, ते नीट ठरवायला हवं.

राल्फ स्टॉगडिल यांचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. नेता जन्मजात काही खास गुण घेऊन येतो, हा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्का होता. स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये तोवरचे सव्वाशेच्या आसपास अभ्यास एकत्र तपासले आणि लिहिलं, की नुसत्या गुणांच्या यादीवरून नेता ठरत नाही. कोणते गुण कामी येतील ते प्रसंगावर अवलंबून असतं. या लेखाचा दबदबा इतका वाढला, की पुढची काही वर्षं गुणांचा शोध मागे पडला. पण स्टॉगडिल थांबले नाहीत. १९७४ साली नेतृत्वावरचा आपला जाडजूड संदर्भग्रंथ काढताना त्यांनी मधल्या काळातले आणखी दीडशेहून अधिक अभ्यास तपासले, आणि परिस्थितीवर आपण जरा जास्तच भर दिला होता, काही गुण खरोखर महत्त्वाचे ठरतात, असा निष्कर्ष मांडला. ज्या लेखाने नाव झालं, त्याच लेखाला त्यांनी स्वतः मुरड घातली.

१९७८ मध्ये स्टॉगडिल गेले. ग्रंथाची पुढची आवृत्ती बर्नार्ड बास यांनी हाती घेतली. या ग्रंथाच्या आवृत्त्यांची मुखपृष्ठं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकात कुणाचंच नाव नाही. ती फक्त नेतृत्वाची संदर्भिका. १९८१ च्या आवृत्तीला स्टॉगडिल यांचं नाव दिलेलं, काम मात्र बास यांचं. १९९० मध्ये ‘बास आणि स्टॉगडिल’ अशी जोडी. २००८ मध्ये नुसतं ‘बास’, आणि तोवर बासही हयात नव्हते. त्यांच्या पत्नी रूथ यांची मदत त्या आवृत्तीवर नोंदलेली आहे. स्टॉगडिल यांचं नाव शीर्षकातून गेलं याचं मला वाईट वाटतं. पण त्यांनी सुरू केलेलं मोजमाप, वर्गवारी, फेरतपासणी पुढे चालू राहिली, ते कोणत्याही सन्मानचिन्हाहून मोठं आहे.

रॉबर्ट हाउस यांचा ‘ग्लोब’ प्रकल्प तर एका माणसाचा असूच शकत नव्हता. ६२ समाज, ९५१ संस्था, सुमारे १७ हजार मधल्या फळीतले व्यवस्थापक. कोणत्या देशातल्या माणसांना कसा नेता पटतो, हे शोधायला दीडशेहून अधिक संशोधक राबले. २००४ मध्ये त्याचा पहिला मोठा खंड आला, तर २००७ च्या, देशोदेशीच्या सखोल अभ्यासांच्या खंडाचे पहिले संपादक होते अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक जगदीप छोकर. त्यांचं नाव आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. उमेदवारांवरच्या गुन्ह्यांची आणि मालमत्तेची माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे, यासाठी न्यायालयात गेलेल्या ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’च्या संस्थापकांपैकी ते एक. निवडणूक अर्जासोबतची प्रतिज्ञापत्रं आज आपण मोबाइलवर वाचतो, त्यामागे ती लढाई आहे. कसा नेता लोकांना पटतो याचा अभ्यास करणारा माणूस, नेता निवडणाऱ्याच्या हाती माहिती यावी म्हणून वर्षानुवर्षं झगडला. त्यांच्या विद्वत्तेचा गौरव करताना हे दुसरं काम ‘सामाजिक कार्य’ म्हणून शेवटच्या परिच्छेदात ढकललं, तर तो गौरव अपुराच राहील.

श्रेयाच्या वाटणीबद्दल समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांची गोष्ट सांगायलाच हवी. ज्याचं नाव आधीच मोठं, त्यालाच विज्ञानात आणखी श्रेय मिळत जातं, हे त्यांनी १९६८ मध्ये दाखवलं. त्यासाठी हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती त्यांनी भरपूर वापरल्या. निबंधावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचं. तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे पुढे त्यांनी स्वतःच छापून मान्य केलं. ज्येष्ठाचा सत्कार करताना मुलाखती घेणारे, आकडे भरणारे, प्रश्नावल्यांचं भाषांतर करणारे मंचावर दिसत नाहीत. निदान त्यांची नावं तरी वाचून दाखवावीत.

आपल्याकडच्या सत्कारांत शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं असतं. भाषणांत सरांचा साधेपणा येतो, वक्तशीरपणा येतो, विद्यार्थ्यांवरची माया येते. सरांनी नेमकं काय शोधून काढलं, ते तासाभरात कुणाच्या तोंडून येत नाही. याहून बरं आपण पूर्वी केलेलं आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुरू झाली आणि भांडारकरांच्या निधनानंतर चार दशकांनी, १९६६ मध्ये, पुरी झाली. १८ जानेवारी १९४३ रोजी त्याच पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला बाबासाहेब आंबेडकर बोलले. थोर माणूस म्हणजे कोण, इतिहास माणूस घडवतो की परिस्थिती, हा प्रश्न त्यांनी जयंतीच्या व्यासपीठावरच सोडवायला घेतला. थोरांचा मनापासून आदर करणं वेगळं आणि त्यांच्या आज्ञेत राहणं वेगळं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. रानड्यांना त्यांनी मोठेपण दिलं आणि रानडे ज्या लिबरल परंपरेचे, तिला संघटना का उभारता आली नाही, याचीही चर्चा केली. नेतृत्वाच्या अभ्यासकाचा सत्कार करणाऱ्यांनी ते भाषण आधी वाचावं.

मानपत्र कसं असावं, ते फ्रेड फीडलर यांच्यापुरतं लिहून दाखवतो. ‘तुम्ही नेत्याला विचारलंत, की ज्याच्याबरोबर काम करणं तुम्हाला सर्वांत जड गेलं, त्या माणसाचं वर्णन करा. त्या उत्तरांवरून तुम्ही नेत्याची वृत्ती मोजलीत, आणि १९६७ च्या पुस्तकात मांडलंत, की एकच शैली सगळीकडे चालत नाही. नेता आणि परिस्थिती यांचा मेळ पाहावा लागतो. तुमची मोजपट्टी नेमकं काय मोजते, यावर अजून एकमत नाही. तुमच्या सिद्धान्ताला काही परीक्षांत आधार मिळाला, काहींत मिळाला नाही. मग १९८७ मध्ये तुम्ही जोसेफ गार्सिया यांच्यासह नवा सिद्धान्त मांडलात, की ताणाखाली नेत्याची बुद्धी फारशी उपयोगी पडत नाही, अनुभव पडतो. तोही आता तपासला जात आहे. तुमची मोजपट्टी, तुमचे आकडे आणि तुमच्याशी असलेले आमचे मतभेद आम्ही पुढच्या विद्यार्थ्यांच्या हाती देत आहोत.’