आपण आत आलो, आता दाराचे काय?





गेल्या महिन्यात वंदनेनंतर चहा घेताना आपले एक दादा म्हणाले, "माझा आयरिश पासपोर्ट आला. आता सरकारने दार जरा लावून घ्यावे. घरभाडे बघा कुठे गेले!" काहींनी मान डोलावली. शेजारी एक ताई बसल्या होत्या. त्या नर्सिंग होममध्ये हेल्थकेअर असिस्टंट आहेत, रात्रपाळी करतात. मुलगा नागपुरात आजीजवळ आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. आजची देसना त्यांच्या त्या गप्प राहण्यावर आहे.

मंगल सुत्तातील मंगलांमध्ये अनाकुल कम्मन्त, म्हणजे घोटाळा नसलेले नीट काम, आणि कतञ्ञुता, म्हणजे कृतज्ञता, ही दोन्ही आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो, त्यातून गावी आईचे औषध येते. हे मंगल आहे. त्याची जाण ठेवलीच पाहिजे. पण "मला मिळाले, आता बस" ही कृतज्ञता नव्हे, ती तृष्णा आहे.

मुंबईच्या गिरण्या आठवा. आपल्या माणसांना तिथे काम मिळे, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून सोबतच्या कामगारांना विटाळ वाटे. ते दार मालकाने एकट्याने लावले नव्हते, आत असलेल्या कामगारांनीही लावले होते. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आपण त्या दाराबाहेर उभे राहिलेल्यांची नातवंडे-पतवंडे आहोत.

आयर्लंडलाही ही आठवण आहे. 1845 पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून जहाजांवर चढली.

दादांची भाड्याची चिंता खोटी नाही. इथे जन्मलेल्या तरुणालाही घर मिळत नाही, त्याचा राग समजून घ्या. देशाने नियम करावेत, रांग असावी, हेही मला मान्य आहे. पण रांगेत माणसाचा मान राहावा. क्रिटिकल स्किल्स परमिटवाल्या इंजिनिअरला कुटुंब लगेच आणता येते. जनरल परमिटवर आलेल्या ताईंना निदान वर्षभर थांबावे लागते, शिवाय पगाराची अट. दोघांचेही श्रम या देशाला हवे आहेत. मग आईपणाला वेगळा दर का? घरे कमी बांधली गेली, तो दोष ताईंचा नाही. मतदार म्हणून मी उमेदवाराला हेच विचारतो.

आणि ताई, तुम्हालाही मत आहे. डॉलच्या निवडणुकीला नागरिकत्व लागते, पण स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीत इथे राहणारा अठरा वर्षांवरील कोणीही, कोणत्याही देशाचा असो, नाव नोंदवून मत देऊ शकतो. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे बाबासाहेबांचे सूत्र आपण विसरायचे नाही.

सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम, योग्य वेतन, आजारपणात काळजी, वेळेवर सुट्टी. म्हणजे काम देणारा उपकार करत नाही आणि कामगार मिंधा नसतो. कृतज्ञ राहा, पण मान खाली घालून नको.

या पौर्णिमेला दोन गोष्टी करू या. ज्यांचे नाव मतदार यादीत नाही, त्यांच्यासोबत बसून ते नोंदवू. आणि नव्याने आलेल्या एका तरी माणसाला जेवायला बोलावू. दादांनी पहिले आमंत्रण ताईंना दिले आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.