भीती वाटते तेव्हा कोणाला विचारावे?



पाळी जाण्याच्या वयात डॉक्टर सहज म्हणतात, "एकदा सोनोग्राफी करून घ्या." त्यांच्या दृष्टीने ती रोजची गोष्ट असते. पण त्या क्षणापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या बाईच्या मनात काय चालते ते घरात सहसा कोणाला कळत नाही. ती स्वयंपाक करते, शेतात जाते, रविवारी मिस्साला येते. रात्री मात्र जागी असते. पिशवीत गाठ असेल का? कॅन्सर तर नसेल? ऑपरेशन सांगितले तर पैसे कोठून आणायचे? आणि श्रद्धावंत स्त्रीला आणखी एक प्रश्न छळतो: मला इतकी भीती वाटते, म्हणजे माझा देवावरचा विश्वास कमी पडतो का?

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. कोणी भीती बोलून दाखवली की आपण लगेच म्हणतो, "काही होत नाही, देवावर भार टाक." हेतू चांगलाच असतो. पण ऐकणारी त्यातून एवढेच समजते की हा विषय येथे संपला. मग ती पुन्हा बोलत नाही. खरे तर गेथसेमनीच्या बागेत प्रभू येशू स्वतः अतिशय व्याकूळ झाला होता. समोर येणारे दुःख टळावे अशी प्रार्थना त्याने केली, आणि शिष्यांना जवळ जागे राहायला सांगितले. भीती हाच अविश्वास असता तर त्या रात्रीचा अर्थ काय लावायचा? शिष्य झोपी गेले हा त्या रात्रीचा दुसरा भाग आपण फारसा मनावर घेत नाही. आजारी माणसाच्या बाबतीत तो भाग आपल्याला जास्त लागू पडतो असे मला वाटते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात भीतीविषयी बराच विचार मांडला आहे. तेथे ते एक साधा प्रश्न विचारतात: भीतीमुळे माणूस सल्ला घ्यायला लागतो का? त्यांचे उत्तर होय असे आहे. जे संकट मोठे वाटते आणि एकट्याला पेलणार नाही असे वाटते, त्याबद्दल माणूस दुसऱ्याला विचारतो. पण लगेच ते पुढची गोष्ट सांगतात. भ्यालेल्या माणसाला गोष्टी जशा असतात तशा दिसत नाहीत, त्या लहान किंवा मोठ्या होऊन दिसतात. म्हणून सल्ल्याची ओढ त्याला असते, पण स्वतःला चांगला सल्ला देण्याची ताकद त्या वेळी त्याच्यात नसते. सातशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसलेल्या कोणत्याही बाईला पटेल. भीती तिला कोणाच्या तरी दारापर्यंत घेऊन जाते. ते दार कोणाचे आहे, आणि आत बसलेला माणूस तिच्या भीतीचे काय करतो, खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो.

काही जणी कोणतेच दार ठोठावत नाहीत. अंगावरून जास्त जात असले तरी "सोयाबीनची सोंगणी होऊ द्या, मग जाऊ" असे म्हणतात. सोंगणी झाली की हरभऱ्याची पेरणी येते. वाशीम जिल्ह्यात हे नवीन नाही. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, तरी मोठ्या तपासणीसाठी अकोल्याची वाट धरण्याची सवय सुटली नाही. एक दिवसाचा खाडा आणि सोबतीला एक माणूस, एवढा हिशेब झाला की बाई स्वतःचाच आजार पुढे ढकलते. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही त्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. पण दवाखाना जवळ आला म्हणून मनातली भीती आपोआप कमी होत नाही.

काही जणींना मात्र भलतेच दार भेटते. आपल्याकडून हिंगोली आणि परभणी ओलांडले की बीड जिल्हा लागतो. तेथून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. २०१९ मध्ये तेथील गोष्ट देशभर गाजली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर आहे, असे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. बीडच्या त्या स्त्रियांपैकी अनेकी चाळिशीच्या आतल्या होत्या.

हे कसे झाले? मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात ना शौचालय, ना विसावा. पाळीचा त्रास म्हणजे थेट मजुरीचे नुकसान. अशी बाई अंगावरून जाते किंवा पोट दुखते म्हणून दवाखान्यात जाते आणि तिला ऐकायला मिळते, "पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका." ती सल्ला मागायला आली होती. तिला भीतीच परत विकली गेली, तीही व्याजाने काढलेल्या पैशांत. सगळे डॉक्टर असे नसतात, हे मला ठासून सांगायचे आहे. पण जेथे एकाचे उत्पन्न दुसऱ्याच्या भीतीवर अवलंबून असते तेथे फक्त सज्जनपणावर विसंबून चालत नाही, नियम लागतात. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे सक्तीचे झाले. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले.

मग चांगला सल्ला कसा असतो? तो आधी गोष्टींचे खरे माप सांगतो.

सोनोग्राफी म्हणजे कॅन्सरचा निकाल नव्हे. ध्वनिलहरी आत पाठवायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार करायचे, एवढेच ते यंत्र करते. गंमत अशी की गर्भ पाहण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या यंत्राची स्त्रीरोगातील सुरुवात गाठींपासून झाली. ग्लासगोचे प्राध्यापक इयन डोनाल्ड १९५५ मध्ये ऑपरेशनने काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तेथे धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र होते. त्यांनी ते त्या गाठींवर लावून पाहिले आणि साधी गाठ व पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे त्यांच्या लक्षात आले. पुढे एक स्त्री त्यांच्यापुढे आली. तिला पोटाचा कॅन्सर आहे, आता काही उपाय नाही, असे ठरवून टाकलेले होते. यंत्राने दाखवले की ती अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ आहे. ऑपरेशन झाले, गाठ निघाली आणि ती बरी झाली. हे १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या खोलीत शिरताना आपले पाय लटपटतात त्या खोलीतल्या यंत्राने सुरुवातीलाच एका बाईची मृत्यूची शिक्षा रद्द केली होती.

बारा महिने सलग पाळी आली नाही की ती गेली असे मानतात. आपल्या देशात ते वय सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे. त्याआधीची काही वर्षे पाळी पुढे-मागे होते, कधी जास्त जाते. या काळात पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी महिन्याच्या दिवसांप्रमाणे बदलत असते. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईच्या रिपोर्टात दहा मिलिमीटर दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. चार मिलिमीटरचा जो आकडा ऐकू येतो तो पाळी पूर्ण गेल्यानंतर रक्त दिसलेल्या स्त्रीसाठी आहे. अस्तर चार किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फारच थोडी असते. जास्त असेल तर अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासतात, आणि निकाल त्या तपासणीतून कळतो. पाळी गेल्यानंतर एकदा जरी डाग दिसला तरी लगेच दाखवावे. त्यात अजिबात चालढकल नको. अशा दहा जणींमध्ये साधारण एकीला कॅन्सर निघतो. लवकर कळला तर बहुतेक वेळा तो बरा करता येतो. उरलेल्या नऊ जणींच्या बाबतीत अस्तर सुकणे, लहानसा कोंब येणे अशी साधी कारणे असतात. फायब्रॉइडच्या गाठी तर कितीतरी बायकांना असतात. त्या सहसा कॅन्सरच्या नसतात आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात.

रिपोर्टाच्या शेवटी इंग्रजीत 'क्लिनिकल कोरिलेशन' असे काहीतरी छापलेले असते. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा ते वाचून गंभीर चेहरा करतो. त्याचा अर्थ एवढाच की हे चित्र आणि पेशंटची प्रत्यक्ष तपासणी एकत्र जुळवून पाहा. रिपोर्ट घरी वाचून रडण्याऐवजी डॉक्टरांना मराठीत विचारावे की हे काय आहे, आत्ता काही केले नाही तर काय होईल, आणि ऑपरेशनशिवाय दुसरा उपाय आहे का. या तीन प्रश्नांवर जो डॉक्टर चिडतो त्याच्याऐवजी दुसऱ्याकडे जाणे हा कोणाचा अपमान नाही.

"पिशवी आता काय कामाची?" हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. ते दवाखान्यात ऐकू येते, नवऱ्याच्या तोंडी येते, आणि वाईट म्हणजे बाई स्वतःच म्हणते. मुले झाली, म्हणजे हा अवयव फुकट जागा अडवून बसला आहे. या हिशेबाने म्हातारी सासूही फुकट जागा अडवते आणि पाय मोडलेला बैलही. माणसाच्या शरीराची किंमत उपयोगावर ठरत नाही, हे आपण प्रवचनात ऐकतो, पण स्वतःच्या पोटाला लावत नाही. शिवाय हे वाक्य वैद्यकीय दृष्ट्याही खरे नाही. पिशवीबरोबर अंडाशये काढली तर पाळी एकदम थांबते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

याउलट, खरोखरच आजार असेल आणि काढण्यावाचून इलाज नसेल तर ते पाप तर नाही ना, असेही काही भगिनी हळूच विचारतात. नाही. आजारी पिशवी प्रकृतीसाठी काढणे योग्य आहे, हे रोमने १९९३ मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे. त्या चिंतेने कोणी उपचार टाळू नये.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री येथे आठवल्याशिवाय राहत नाही. मार्क बिनदिक्कत लिहितो की अनेक वैद्यांच्या हातून तिचे हाल झाले, होते ते सारे खर्च झाले आणि दुखणे वाढलेच. संत लूक, ज्याला परंपरेने वैद्य मानले जाते, ती हकीकत सांगताना दुखणे वाढल्याचा उल्लेख गाळतो! ती गर्दीत मागून येते, लपून वस्त्राला शिवते, बरी होते. तेवढ्यावर गोष्ट संपली असती. पण येशू थांबतो आणि कोण शिवले ते विचारतो. ती भीतीने थरथरत पुढे येते आणि सगळे खरे सांगते. तो तिला भित्री म्हणत नाही, मुलगी म्हणतो. बारा वर्षांत तिचे पूर्ण ऐकून घेणारा तो पहिलाच असावा, असे मला नेहमी वाटते.

आता आपल्या बाकाकडे येऊ. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखाली गरोदर मुली बसलेल्या असतात आणि त्यांच्यात एक पन्नाशीची बाई, लघवी रोखून, पाण्याची बाटली हातात धरून. तिला तेथे अवघडल्यासारखे होते. नवरा बहुतेक बाहेर मोटारसायकलजवळ उभा असतो. बंधूंनो, आत येऊन बसा. काही बोलायची गरज नाही.

आणि अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला तर उत्तर यायला काही दिवस जातात. ते दिवस सोनोग्राफीपेक्षा कठीण असतात. त्या दिवसांत शेजारणीने आपल्या नात्यातल्या कोणाला काय झाले होते ते सांगत बसू नये. संध्याकाळी भाकरी-भाजी घेऊन जावे, तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसावे, जपमाळ म्हणायची असेल तर म्हणावी. रिपोर्टाचा विषय तिने काढला तर ऐकावे, नाही काढला तर विचारू नये. रिपोर्ट आणायच्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर बसमध्ये कोण बसणार, हे मात्र आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे.