त्रेपन्न पैशांचा रंग

लाल आणि हिरवा यांच्या बरोबर मधे कुठला रंग असतो?

बहुतेक जण पिवळा म्हणतील. पण कुठल्याही साध्या ग्राफिक्स लायब्ररीला लाल ते हिरवा असा ग्रेडियंट काढायला सांगा आणि तुमच्या फोनवर बघा. मधोमध एक मळकट शेवाळी पट्टा दिसेल, पाण्याच्या टाकीच्या तळाशी साचतो तसा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, माझाच कोड चुकला.

कोड बरोबर होता. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या मधला. शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. शुद्ध हिरवा म्हणजे ०, २५५, ०. लायब्ररी दोघांची सरासरी काढते: १२८, १२८, ०. शाळेतलं गणित. गोची अशी, की १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा असला तरी स्क्रीनवर त्यातून निम्मा उजेड पडत नाही, जेमतेम २२ टक्के पडतो. आपल्या डोळ्यांना अंधारातले बारीक फरक जास्त कळतात, म्हणून आकड्यांची वाटणीही गडद छटांना झुकतं माप देऊन केलेली आहे. खरोखर निम्मा निम्मा उजेड मिसळायचा तर १८८, १८८, ० घ्यावे लागतात. मग पिवळ्याच्या जवळपासचं काहीतरी दिसतं. आणि डोळ्यांना दोन्हीकडून सारखाच लांब वाटेल असा रंग हवा असेल, तर हिशेब आणखी वेगळा. २०२० साली ब्योर्न ओटोसन या प्रोग्रामरने त्यासाठी ‘ओकेलॅब’ नावाची रंगांची मांडणी दिली, आता ब्राउझरांनाही ती कळते.

म्हणजे एकाच प्रश्नाची तीन उत्तरं झाली: आकड्यांचा मध्य, उजेडाचा मध्य, डोळ्यांचा मध्य. कुठला घ्यायचा ते कुणीतरी ठरवतं. बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याला फक्त एक गुळगुळीत पट्टा दिसतो.

मी पोटासाठी नकाशे रंगवते. आकडे येतात, मी त्यांना रंग देते. गेल्या वर्षी एका संस्थेचं काम आलं. त्यांना मराठवाड्यातल्या एका तालुक्यात ओढे खोल करायचे होते, पैसे मोजकेच होते, आणि कुठल्या गावांपासून सुरुवात करायची ते नकाशा बघून ठरणार होतं. आकडे होते गेल्या काही वर्षांच्या पैसेवारीच्या सरासरीचे.

शहरात वाढलेल्यांसाठी थोडं सांगते. पीक पूर्ण आलं तर रुपया धरतात, आणि गावाचं पीक त्या रुपयात किती पैसे आलं ते ठरवतात. सप्टेंबरात नजर पैसेवारी, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. पूर्वी हीच गोष्ट आण्यांत मोजायचे, म्हणून जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात. ५० पैशांच्या खाली आलेलं गाव टंचाईचं धरायचं, अशी आपल्याकडे वर्षानुवर्षांची रीत. मग जमीन महसुलात सूट, कर्जवसुली थांबणं, पोरांची परीक्षा फी माफ, अशा सवलती. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतली ओल, पिकांची हिरवाई असे निकष पुढे आले. पण तिथेही शेवटी कुठल्या ना कुठल्या आकड्यावर बोट ठेवावंच लागतं.

मी डीथ्री ही लायब्ररी वापरते. तिच्यात रंगाची पट्टी करायला दोन याद्या द्याव्या लागतात. एकीत आकडे, दुसरीत रंग. मी लिहिलं: ०, ५०, १००. आणि लाल, पिवळा, हिरवा. या वेळी पिवळा मीच मधे ठेवला, म्हणजे शेवाळाचा प्रश्न मिटला. एंटर दाबलं आणि तालुका रंगून समोर आला. देखणा दिसत होता.

मग मी न राहवून माझ्या मामाचं गाव शोधलं.

५३. पिवळं, किंचित हिरवट झाक असलेलं. ओढ्यापलीकडचं गाव ४८, किंचित केशरी. ही दोन गावं मला लहानपणापासून माहीत आहेत. दोन्हीकडे तीच मुरमाड जमीन, तोच पाऊस किंवा तोच नसलेला पाऊस. माझा मामेभाऊ बारावीला होता त्या वर्षीही असंच झालं होतं. पलीकडच्या पोरांची फी माफ झाली, याची मामीने पाटल्या मोडून भरली.

मी पहिल्या यादीतल्या ५० च्या जागी ५५ लिहिलं.

एक आकडा. नकाशा डोळ्यांदेखत बदलला. मामाचं गाव हिरवट झाक सोडून केशरी बाजूला आलं. त्याच्यासारखी इतरही गावं आली. खोटं काहीच नव्हतं. गावावर बोट ठेवलं तर आकडा ५३ च दिसत होता. मी फक्त पिवळा रंग पाच पैसे पुढे सरकवला होता, आणि कुणालाही ते कधीच कळलं नसतं. पाच मिनिटं मी तशीच बघत बसले. मग कंट्रोल-झेड केलं.

परत ५० आलं, पण समाधान झालं नाही. ५५ माझ्या मनाचं होतं हे खरं, मग ५० कुणाच्या मनाचं होतं?

ग्रीक तत्त्ववेत्ता युबुलिडीस याच्या नावावर एक जुनं कोडं आहे. धान्याची रास आहे. एक दाणा काढला तर ती रास राहते का? राहते. आणखी एक? तरी राहते. असं करत करत शेवटी एकच दाणा उरतो. मग रास नेमकी कधी संपली? कॉलेजात हे कोडं चावट वाटलं होतं. पण आपल्याकडे ज्वारी मळून काढण्यालाच ‘रास करणं’ म्हणतात, आणि खळ्यावरची रास हा त्या घराचा वर्षाचा हिशेब असतो. कितव्या दाण्याला दुष्काळ सुरू होतो, हा प्रश्न मामाच्या घरात कुणाला चावट वाटणार नाही.

माझा पहिला विचार असा होता, की रेषाच खोटी. निसर्गात रेषा नसते, उतार असतो. मग गुळगुळीत ग्रेडियंटच जास्त प्रामाणिक. आमच्या धंद्यातला अनुभवही तेच सांगत होता. बरीच वर्षं वैज्ञानिक आलेखांत इंद्रधनुषी रंगपट्टीची चलती होती. तिच्यातला पिवळा आणि आकाशी इतके उठून दिसतात, की आकड्यांत नसलेल्या सीमा चित्रात दिसू लागतात. २०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयाच्या धमन्यांची चित्रं वैद्यकीय विद्यार्थ्यांना दाखवून पाहिली, तर इंद्रधनुषी रंगांत त्यांच्या चुका जास्त झाल्या. पुढे पायथनच्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीने ती पट्टी सोडून जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत समान पावलांनी जाणारी ‘व्हिरिडिस’ ही पट्टी मूळ निवड म्हणून घेतली. नसलेली सीमा दाखवू नये, हा धडा पक्का.

पण फी माफ होते किंवा होत नाही. पोकलेन गावात येतं किंवा येत नाही. निर्णयाला पायरी असतेच. मी नुसता ग्रेडियंट दिला असता, तर ती पायरी नाहीशी झाली नसती. संस्थेच्या बैठकीत कुणीतरी स्क्रीनकडे बघून म्हणालं असतं, ‘हे जरा लालसर वाटतंय, हे घेऊ.’ रेषा तीच, फक्त ती कुणाच्या तरी नजरेत ओढली गेली असती आणि तिचा आकडा कागदावर कुठेच नसता. ५० वर ओढलेल्या रेषेशी निदान भांडता येतं. अर्ज करता येतो, कोर्टात जाता येतं, ‘५० च का?’ असं विचारता येतं. ‘जरा लालसर’शी कसं भांडणार?

मी मामांना फोन केला. नकाशाचं, ५३ चं, ४८ चं सगळं सांगितलं. ५५ चं मात्र सांगितलं नाही.

‘रेष कुठंतरी लागतीच की बाई,’ मामा म्हणाले. ‘त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं. पर मोजणारा आमच्या वावरात आल्ता का, एवढं इचार. त्रेपन्न म्हणं! त्रेपन्न कुणी बघितलं?’

मी इतके दिवस रंगांशी भांडत होते, आणि ५३ हा आकडा पक्का धरून चालले होते. पैसेवारी काही निवडक शेतांतल्या पीक कापणीवरून काढतात. ५३ आणि ४८ यांतलं अंतर पिकाचं आहे की मोजणीचं, हे माझ्या पट्टीला कळणं शक्य नव्हतं. तरी तिने एकाला हिरवट आणि दुसऱ्याला केशरी करून टाकलं होतं, पूर्ण खात्रीने.

शेवटी मी असं केलं. ५० वर रेषा ठेवली, उघड, दोन वेगळ्या रंगांची. पण ४५ ते ५५ मधल्या सगळ्या गावांवर तिरक्या रेघा मारल्या. खाली लिहिलं: ‘रेघा मारलेल्या गावांचा निर्णय नकाशावरून घेऊ नये, जाऊन बघावं. ५० ची रेषा पैसेवारीच्या रिवाजातली आहे, ४५ आणि ५५ ची निवड माझी.’ त्याखाली माझं नाव.

हा नियमही मामाच्या सोयीचाच निघाला, हे माझ्या लक्षात आलंय. आणि पलीकडच्या ४८ वाल्या गावाच्या गैरसोयीचा, कारण जे काम त्यांना सरळ मिळालं असतं ते आता कुणीतरी बघून गेल्यावर ठरेल. म्हणून नकाशा देताना संस्थेला सांगितलं, की यातलं एक गाव माझ्या मामाचं आहे. कुठलं ते विचारल्यावर तेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि रेघांची गावं मोजली. एकवीस भरली. ‘एवढ्या गावांना जायचं म्हणजे उन्हाळा जाईल,’ एक जण म्हणाले.

जाईल. मी त्यावर काही बोलले नाही. फाइल सेव्ह करताना पहिली यादी तेवढी परत एकदा तपासली.