गडी आणि माणूस

खेळ संपला कीं गडी आपापल्या घरीं जातात, ही आपली लहानपणापासूनची समजूत. अमेरिकेंतील बेसबॉल नांवाच्या खेळाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें शरदाच्या अखेरीस शेवटचा सामना होतो, मैदानावरील दिवे मालवतात, आणि त्यानंतर दुसरा एक खेळ सुरू होतो. तो बंद दाराआड, कागदावर आणि आंकड्यांच्या साहाय्यानें खेळला जातो. आणि त्यांत खेळाडू हे खेळणारे नसून सोंगट्या असतात. कोणास ठेवावें, कोणास सोडावें, कोणाच्या मोबदल्यांत कोणास आणावें, ह्याचा निर्णय संघाचे चालक थंडीच्या ह्या तीनचार महिन्यांत करितात. आमचे एक जुने विद्यार्थी त्या देशांत पुष्कळ वर्षें राहिले आहेत. मध्यंतरीं ते भेटीस आले असतां आपल्या आवडत्या संघाविषयींची ही सारी चर्चा त्यांनीं मोठ्या उत्साहानें आम्हांस ऐकविली. एका खेळाडूचें नांव घेऊन ते म्हणाले, "ह्याला ठेवण्यांत आतां अर्थ नाहीं, वय तेहतीस झालें." आम्हीं सहज विचारलें, "मग तो काय करील?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, तो विचार कधीं केला नाहीं." तो विचार करून पाहण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम ह्या व्यवहाराचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. तेथील मुख्य स्पर्धेंत तीस संघ आहेत. २०२२ सालीं मालक आणि खेळाडूंची संघटना ह्यांच्यांत झालेल्या करारानुसार प्रत्येक संघास चाळीस खेळाडूंची एक यादी ठेवितां येते, आणि त्यांपैकीं सामान्यतः सव्वीस जणांस सामन्यांसाठीं सिद्ध ठेवावयाचें असतें. मुख्य संघांच्या हाताखालीं खालच्या दर्जाचे संघ असून त्यांत शेंकडों तरुण वर चढण्याची वाट पाहत असतात. ह्यांपैकीं कोणाचें नांव चाळिसांच्या यादींत घालून त्यास सुरक्षित करावयाचें, हें नोव्हेंबरांत ठरवावें लागतें. कांहीं वर्षें खालीं राहूनहि जो यादींत आला नाहीं, त्यास डिसेंबरांतील निवडींत दुसरा संघ उचलूं शकतो. यादी भरलेली असली म्हणजे एक नांव आंत येण्यासाठीं दुसरें बाहेर जावें लागतें. ज्यांचें वेतन लवादाकडून ठरण्याची पाळी आली आहे अशा खेळाडूंस नवा करार द्यावयाचा कीं नाहीं, हेंहि त्याच महिन्यांत ठरतें. न दिल्यास तो खेळाडू मोकळा होतो. 'मोकळा' हा शब्द ऐकावयास गोड आहे; पण ज्यास कोणीच बोलावीत नाहीं त्याचें मोकळेपण आणि बेकारी ह्यांत अंतर फार थोडें. ह्याशिवाय संघांची आपसांतील अदलाबदल आहेच.

ह्यांत वावगें काय, असें कोणी विचारल्यास त्यास उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. खेळांतील जागा गुणांनीं मिळवावयाची असते. ती वतन म्हणून कोणाकडे चालत येत नाहीं. खेळाडू आपखुषीनें करार करितो आणि त्यांतील वरच्या पायरीवरच्यांस मिळणारें द्रव्य सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचें असतें. शिवाय दयेचा खर्च दयाळू मनुष्य पुष्कळदां दुसऱ्याच्या खिशांतून करीत असतो, हेंहि विसरून चालणार नाहीं. थकलेल्या गड्यास संघचालकानें केवळ भिडेखातर ठेविलें, तर त्या भिडेची किंमत खालीं वाट पाहणाऱ्या एखाद्या तरुणास आपल्या उमेदीच्या वर्षांनीं भरावी लागते. पुष्कळांच्या हितासाठीं एकाचें अहित पत्करावें, ह्या मताचा बेंथम व मिल्ल ह्यांनीं पुरस्कार केला आणि लोकमान्य टिळकांनीं 'गीतारहस्या'त त्याचा खरपूस परामर्श घेतला, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तें मत सदोष असेल. पण अकरा किंवा सव्वीस गड्यांचा संघ निवडणारास त्यावांचून गत्यंतर नाहीं, असें प्रथमदर्शनीं तरी दिसतें.

परंतु त्याच खेळाच्या इतिहासांत एक मनुष्य असा होऊन गेला कीं, त्यानें ह्या हिशेबांतील उणीव नेमकी दाखवून दिली. त्याचें नांव कर्ट फ्लड. सेंट लुई येथील कार्डिनल्स संघाकडून तो बारा हंगाम खेळला. दूरच्या क्षेत्रांत झेल घेण्यांत त्याचा हातखंडा होता, आणि १९६९ सालीं त्याचें वेतन नव्वद हजार डॉलर होतें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत एके दिवशीं संघाच्या कचेरींतील एका दुय्यम अधिकाऱ्यानें दूरध्वनीवरून त्यास कळविलें कीं, सात खेळाडूंच्या अदलाबदलींत त्यास फिलाडेल्फियाच्या संघास देण्यांत आलें आहे. त्या काळीं प्रत्येक करारांत एक राखीव कलम असे. त्याच्या बळावर कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरील संघाचा हक्क संपत नसे. नव्या मालकाकडे जावें किंवा खेळच सोडावा, ह्यांवांचून तिसरा मार्ग खेळाडूस नव्हता.

फ्लडनें तिसरा मार्ग काढावयाचें ठरविलें. २४ डिसेंबर १९६९ रोजीं त्यानें बेसबॉलचे आयुक्त बोवी कून ह्यांस पत्र लिहिलें. आपल्या इच्छेची पर्वा न करितां ज्याची खरेदी-विक्री व्हावी अशी वस्तु आपण नाहीं, हा त्या पत्राचा आशय. आयुक्तांनीं तें मानलें नाहीं, तेव्हां तो न्यायालयांत गेला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. फ्लड हा टाकलेला गडी नव्हता. फिलाडेल्फियास तो हवा होता, आणि तेथें त्यास सुमारें एक लाख डॉलर मिळावयाचे होते. म्हणजे त्याची तक्रार अपमानाची नव्हती, उपेक्षेची नव्हती, आणि पैशाची तर मुळींच नव्हती. आपलें मोल कमी केलें, असें त्याचें म्हणणें नव्हतें. आपल्यास न विचारतां मोल ठरविलें, एवढेंच त्याचें म्हणणें. तो कृष्णवर्णीय होता, आणि कोवळ्या वयांत दक्षिणेंतील राज्यांत खेळतांना वर्णभेदाचे चटके त्यानें सोसले होते. माणसाची किंमत होऊं लागली म्हणजे तिचा शेवट कोठें होतो, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

तो खटला हरला. ह्या खेळास व्यापारी मक्तेदारीविरुद्धचा कायदा लागूं नाहीं, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२२ सालींच दिला होता. १९७२ सालीं पांच विरुद्ध तीन मतांनीं न्यायालयानें तोच कायम केला. ही सवलत विसंगत आहे हें कबूल केलें, पण ती दूर करणें हें विधिमंडळाचें काम असें सांगून हात झटकले. खटल्यांत जॅकी रॉबिन्सननें फ्लडच्या बाजूनें साक्ष दिली. परंतु त्या वेळीं प्रत्यक्ष खेळत असलेला एकहि खेळाडू साक्षीस पुढें आला नाहीं. १९७० चा हंगाम फ्लडनें घरीं बसून काढला, १९७१ सालीं वॉशिंग्टनच्या संघाकडून तो अवघे तेरा सामने खेळला, आणि त्याची कारकीर्द तेथेंच आटोपली. पुढें डिसेंबर १९७५ मध्यें पीटर साइट्झ ह्या लवादानें दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणांत राखीव कलमाची मुदत एका वर्षापुरतीच आहे असा निकाल दिला, आणि खेळाडूंस मोकळीक मिळाली. झाड लावणारास फळ चाखावयास मिळत नाहीं, हें त्याच्या बाबतींत अक्षरशः खरें ठरलें.

आमच्या दृष्टीनें ह्या कथेंतील अधिक महत्त्वाचा भाग मात्र निराळा आहे. १९७३ सालीं मालकांनीं एक नियम मान्य केला. ज्याची मुख्य स्पर्धेंत दहा वर्षें झालीं आणि त्यांतील शेवटचीं पांच एकाच संघांत गेलीं, त्याची अदलाबदल त्याच्या संमतीवांचून होऊं नये, असा तो नियम. त्याच वर्षीं शिकागो कब्ज संघाच्या रॉन सँटो ह्यानें ह्या नियमाच्या आधारें कॅलिफोर्नियास जाण्याचें नाकारिलें. आणि मग त्याच शिकागो शहरांतील दुसऱ्या संघांत तो गेला. आकाश कोसळलें नाहीं. संघाचें काम झालें, त्या मनुष्याचें घर मोडलें नाहीं. ह्या सर्वांस लागलें काय? तर एक प्रश्न: "तुम्हांस हें चालेल काय?"

मनुष्यास केवळ साधन मानूं नये, असें जर्मन तत्त्ववेत्ता कांट सांगतो. ह्या वचनांतील सारा जोर 'केवळ' ह्या शब्दावर आहे. संघांतला प्रत्येक गडी हा विजयाचें साधन असतोच. आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचें साधन आहों, आणि दूधवाला आमच्या चहाचें. त्यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. साधन असून शिवाय तो कोणीतरी आहे, ह्याची आठवण व्यवहारांत कोठें तरी उमटली पाहिजे, एवढीच अपेक्षा. आपल्या भाषेंत 'गडी' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खेळांतला सोबतीहि गडी, आणि घरांत राबणारा चाकरहि गडी. पहिल्या गड्याचा दुसरा गडी केव्हां होतो, हें फ्लडच्या कथेवरून कळतें. त्यास वगळलें म्हणून तो होत नाहीं. त्यास कांहीं विचारण्याची गरज आपल्यास वाटेनाशी होते, तेव्हां तो होतो.

ह्यास जोडून दुसरी एक गोष्ट आहे. यादी करणारास आपला अंदाज चुकूं शकतो ह्याचें भान असावें. १९५४ सालीं ब्रुकलिनच्या संघानें रोबेर्तो क्लेमेंते नांवाच्या पोर्तोरिकोच्या एका तरुणास खालच्या संघांत ठेवून असुरक्षित राहूं दिलें. पिट्सबर्गनें त्यास चार हजार डॉलरांत उचललें. तो तेथें अठरा हंगाम खेळला, त्यानें तीन हजार यशस्वी फटके मारिले, आणि १९७२ च्या अखेरच्या दिवशीं निकाराग्वांतील भूकंपग्रस्तांसाठीं मदत घेऊन जात असतां विमान कोसळून तो मृत्यु पावला. त्याच्या नांवापुढें यादींत काय आंकडे होते हें आज कोणास आठवत नाहीं. आंकडे खोटे नसतात. परंतु ते झालेल्या गोष्टींचे असतात, आणि माणूस पुष्कळसा व्हावयाचा असतो.

कोणी म्हणेल, हा सारा कळवळा एकतर्फी आहे. आतां खेळाडूहि अधिक पैसा दिसतांच संघ सोडून जातात. मग निष्ठा संघानेंच कां पाळावी? हा आक्षेप योग्य आहे. आपल्याकडेहि २००८ सालीं मुंबईंत क्रिकेटपटूंचा पहिला जाहीर लिलाव झाला, आणि बोली चढत असतां कित्येक खेळाडूंस अभिमानच वाटला. निष्ठा दोन्हीं बाजूंनीं सैल झाली आहे, हें खरें. परंतु तराजूचीं दोन पारडीं सारखीं नाहींत. मुख्य स्पर्धेंत सहा वर्षें भरल्यावांचून खेळाडूस सामान्यतः मोकळीक मिळत नाहीं. बहुसंख्य खेळाडू तेथवर पोंचतच नाहींत. नामांकित खेळाडू जातो तेव्हां संघाचा एक हंगाम बिघडतो. अनामिक खेळाडूचें नांव यादींतून जातें तेव्हां एका कुटुंबाचें गांव बदलतें, मुलांची शाळा सुटते, आणि वयाच्या तिसाव्या वर्षीं त्या मनुष्यास आपण दुसरें कांहींच शिकलों नाहीं हें कळतें.

एवढें लिहून थांबलों असतों. परंतु दुसऱ्यांच्या याद्या तपासणारानें आपलीहि एक यादी वाचकांपुढें ठेवणें प्रामाणिकपणाचें होईल. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत आमच्या विषयाचे विद्यार्थी कमी झाले, आणि चार तात्पुरत्या अध्यापकांपैकीं एकास कमी करण्याचें काम तिघांच्या समितीवर आलें. आम्ही त्या तिघांपैकीं एक होतों. पदवी, अनुभव, निकाल, असे रकाने आंखले आणि चौथ्या नांवावर रेघ मारली. तो निर्णय आजहि आम्हांस चुकीचा वाटत नाहीं. परंतु ज्यांच्या नांवावर रेघ पडली, ते गृहस्थ सहा वर्षें आमच्या शेजारच्या वर्गांत शिकवीत होते. त्यांचा आवाज भिंतींतून आम्हांस ऐकूं येई. त्यांस भेटून सांगावें असें मनांत होतें. पहिल्या दिवशीं तास होते, दुसऱ्या दिवशीं धीर झाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं कळलें कीं, कचेरींतील कारकुनानें त्यांस कागद दिला, आणि ते कोणास न भेटतां निघून गेले. निर्णय चुकला नव्हता. आम्ही चुकलों होतों.

म्हणून याद्याच करूं नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. जेथें जागा थोड्या आणि येणारे फार, तेथें कोणास तरी निवडावें लागेल आणि कोणास तरी वगळावें लागेल. हें काम टाळणारा मनुष्य दयाळू ठरत नाहीं, तो तें दुसऱ्यावर ढकलतो इतकेंच. परंतु रेघ मारणारानें ती ज्याच्या नांवावर मारली त्यापुढें उभें राहावें, शक्य तेथें आधीं विचारावें, आणि न विचारतां येईल तेथें निदान स्वतः सांगावें. त्यानें संघाचें एका सामन्याचेंहि नुकसान होत नाहीं. आमचे विद्यार्थी परत गेले. निरोप घेतांना ते म्हणाले, "त्या तेहतीस वर्षांच्या गड्याचें पुढें काय होतें तें तुम्हांस कळवीन." अद्याप कांहीं कळलें नाहीं, परंतु ते शोध घेत आहेत, ह्यांतच आम्हांस समाधान आहे.