कसणे आणि राखणे



परमेश्वराने आदामाला एदेन बागेत ठेवले, तेव्हा त्याच्यावर दोन कामे सोपविली, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. बाग कसावी, हे पहिले. ती राखावी, हे दुसरे. पहिले काम आपण हौसेने करतो. दुसऱ्याचा मात्र सहज विसर पडतो. मला तो कसा पडला, हे आज नम्रपणे कबूल करतो.

इकडे छत्तीसगडात घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला ‘बाडी’ म्हणतात. आपल्या मराठीतली ती परसबागच. रायपूर २००० साली राजधानी झाले, तरी अजूनही येथे घरांमागे भोपळ्या-दोडक्याचे वेल मांडवावर चढतात. एका पावसाळ्यात आमच्या भोपळ्याची पाने तांबडे भुंगेरे कुरतडू लागले. मी रागावलो आणि भर सकाळी, फुले उमललेली असतानाच, औषध फवारले. संध्याकाळी मांडवाखाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. पुढे नवी फुले आली, त्यांच्या तळाशी इवले भोपळेही दिसले. पण ते एकेक करून पिवळे पडले आणि गळाले.

भोपळ्याची नर व मादी फुले वेगवेगळी असतात. पराग जड व चिकट असल्याने तो वाऱ्यावर जात नाही. माशीच्या अंगाला लागूनच मादी फुलापर्यंत पोहोचतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या घटकांत जी माझ्यासाठी राबत होती, तिलाच मी मारले. ते भुंगेरे सकाळच्या गारव्यात सुस्त असताना हाताने वेचता आले असते. फवारणे अटळच असते, तर फुले मिटल्यावर, तिन्हीसांजेला फवारता आले असते. मी वेल कसला होता, राखला नव्हता.

पवित्र शास्त्रात मध ही देवाची देणगी म्हणून येते. थकलेल्या योनाथानाने रानातला मध चाखला आणि त्याच्या डोळ्यांना तरतरी आली. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही रानमधावर गुजराण केली. त्या मधाला मनुष्याने काही मोल दिले नव्हते. ज्या लेकरांना पित्याने दुधामधाचा देश देऊ केला, त्यांनी मधमाशीला फुलापासून वंचित करावे काय?

म्हणून आपल्या अंगणाकडे, मंदिराच्या आवाराकडे पाहावे. पाकळ्यांच्या थरांनी गच्च भरलेली शोभेची फुले आपल्याला सुंदर दिसतात. मधमाशीला तेथे फारसे काही मिळत नाही. हिवाळ्यात कोथिंबिरीचा व मोहरीचा एखादा वाफा न काढता फुलू द्यावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेवगा, कडुनिंब, करंज फुलतात. ती झाडे तोडू नयेत. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत. आणि फरशी घालताना थोडी माती उघडी ठेवावी. कारण पुष्कळ रानमाश्या पोळे बांधीत नाहीत, त्या एकेकट्या जमिनीत बिळे करून राहतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ साली २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून जाहीर केला. स्लोव्हेनियाचे मधुपालक अँटोन यान्शा यांचा १७३४ साली त्याच दिवशी बाप्तिस्मा झाला होता. रायपुरात तो दिवस रणरणत्या उन्हाचा. रोप लावण्याचा नव्हे. पण उथळ परळात चार खडे घालून पाणी ठेवणे लेकरांनाही जमेल. माशी खड्यावर बसून पिते, बुडत नाही.

प्रियजनहो, एक चिमणीदेखील पित्याच्या नकळत पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले आहे. मग माझ्या मांडवाखाली पडलेल्या त्या माश्याही त्याने पाहिल्याच असतील. कारभाऱ्याला एके दिवशी हिशेब द्यावा लागतो. किती भोपळे काढले, एवढेच तेव्हा विचारले जाणार नाही.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तू सोपविलेली बाग आम्ही कसली, पण राखली नाही. आम्हांला क्षमा कर. जे मुक्याने आमच्यासाठी राबतात, त्यांची आठवण आमच्या हातांना राहू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.